गाडी चालवताना मोबाइल: कायद्याने हात मोजावा की लक्ष?

प्रश्न असा आहे: गाडी चालवताना मोबाइल वापरणं सरसकट बेकायदा ठरवावं का? ब्लूटूथवर बोलणाऱ्यालाही त्यात धरावं का? आणि होल्डरला फोन लावून नकाशा पाहिला तर तोही गुन्हा समजायचा का?

हातात मोबाइल धरून गाडी चालवणं भारतात आजच बेकायदा आहे, तेही किरकोळ सदरात नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने गाडी घालणं यांच्या पंगतीला हातात धरलेलं संपर्क साधन वापरणं स्पष्ट नाव घेऊन बसवलं. पहिल्या वेळी ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ३ वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोबाइलसाठी कैद झालेला माणूस कुणी पाहिलेला नसतो, त्याचं कारण कलम २०० मध्ये आहे. कलम १८४ मधल्या प्रकारांपैकी तडजोडीची सोय ठेवली आहे ती फक्त मोबाइलला. म्हणजे पैसे भरले की प्रकरण मिटलं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून ही रक्कम दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये अशी आहे.

दंडापेक्षा भारी गोष्ट लायसन्सची, आणि ती फारशी कुणाला ठाऊक नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम २१ मध्ये, लायसन्स काढून घ्यायला कारण ठरणाऱ्या कृत्यांच्या यादीत, मोबाइलचा वापर आहे. कलम २०६ खाली पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना बजावलं होतं की, मोबाइलवर बोलताना सापडलेल्याचं लायसन्स किमान ३ महिने निलंबित करा. हे अंमलात किती येतं ते पुढे पाहू.

नकाशाचं उत्तर सरळ आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच लिहिलं आहे की, हातात धरायचं साधन चालवताना फक्त मार्ग पाहण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डरला लावलेला चालू नकाशा चालतो. त्याच नकाशात चालत्या गाडीत पत्ता टाइप करणं 'लक्ष विचलित न होता' या शब्दांत बसवता येणार नाही.

उरतो ब्लूटूथचा प्रश्न. खरा वाद तिथेच आहे, कारण कायद्याचा सगळा भर 'हातात' या शब्दावर आहे आणि अपघात काही हातामुळे होत नाहीत.

एक हिशेब मांडून पाहू. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. समोर माणूस आला, तो दिसला, पाय ब्रेकवर गेला, यात सावध चालकाचा साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर. पुढे कोरड्या डांबरावर, टायर धड असतील तर, जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी आणखी २० मीटरवर उभी राहते. एकूण ४५ मीटर. समजा तो माणूस बरोबर ४५ मीटरवर आहे. बंपर त्याच्या गुडघ्याला टेकता टेकता गाडी थांबली. आता याच चालकाला फोनवरच्या बोलण्यामुळे फक्त अर्धा सेकंद उशीर झाला असं धरा. ब्रेक लागायच्या आधी गाडी ८.३ मीटर जास्त गेली आणि ती त्या माणसाला धडकते ताशी ३९ किलोमीटरच्या वेगाने. उशीर पूर्ण एक सेकंदाचा असेल तर धडक ताशी ५५ ला, म्हणजे ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, फरक नाही. ब्रेक लागताना गाडीचा बराचसा वेग शेवटच्या काही मीटरांत उतरतो. उशीर नेमके तेच मीटर खातो. म्हणून 'अर्ध्या सेकंदाने काय होतंय' हा प्रश्न विचारणाऱ्याने हा आकडेमोडीचा कागद एकदा स्वतः करून पाहावा. पावसात थांबायचं अंतर वाढतं, त्याचा हिशेब वेगळाच.

हा उशीर येतो कुठून? तीन वाटांनी. डोळे रस्त्यावरून उठतात, हात स्टिअरिंगवरून सुटतो, आणि मन तिसरीकडेच असतं. मेसेज टाइप करताना तिन्ही एकदम होतात. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक संस्थेने खऱ्याखुऱ्या ट्रकांत कॅमेरे बसवून केलेल्या आणि २००९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत, मेसेज टाइप करणाऱ्या ट्रकचालकांना अपघात किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका सुमारे २३ पट दिसला. त्या घटनांमधल्या ६ सेकंदांच्या टप्प्यात चालकाची नजर सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. ताशी ८० ला ४.६ सेकंद म्हणजे १०० मीटरहून थोडं जास्त. तेवढं अंतर डोळे मिटून.

बोलण्याचं गणित जरा वेगळं आहे. टोरांटोच्या ६९९ चालकांच्या फोनबिलांवरून १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासात, बोलत असताना अपघाताचा धोका चौपट निघाला. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवरही तेवढाच. दोन्हीकडे हँड्सफ्री, म्हणजे फोन हातात न धरता बोलायची सोय, वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली नाही. कारण डोळे समोर असूनही दिसलेलं मनापर्यंत पोहोचत नाही. पादचारी डोळ्याच्या पडद्यावर उमटतो, पण मेंदू त्याची नोंदच घेत नाही. अपघातानंतर 'अचानकच समोर आला' असं चालक शपथेवर सांगतो तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही बंद करायचं का? नाही. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. समोर ट्रकने इंडिकेटर दिला की तो आपोआप वाक्य अर्धवट सोडतो, कधी 'अहो, बघा' म्हणतो. फोनवरच्या माणसाला तुम्ही घाटात आहात की सिग्नलला उभे, हे कळायला मार्ग नाही. तो बोलतच राहतो, आणि गप्प बसणं उद्धटपणाचं वाटेल म्हणून तुम्हीही.

दुसरी बाजूही मांडायला हवी. गाडीत कॅमेरे बसवून केलेल्या काही पाहण्यांत, नुसतं हँड्सफ्रीवर बोलताना धोका वाढलेला दिसला नाही. बोलणारे चालक वेग उतरवतात, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतात, लेन बदलायचं टाळतात, हे त्याचं एक कारण दिलं जातं. आणि अमेरिकेत हातातल्या फोनवर बंदी घातलेल्या राज्यांत विम्याच्या दाव्यांचे आकडे तपासले तेव्हा, हातात फोन धरणारे कमी झाले तरी अपघातांचे दावे त्या प्रमाणात घटलेले दिसले नाहीत. लोक हातातून ब्लूटूथवर गेले, एवढंच झालं असावं. 'बंदी आणा, अपघात थांबतील' असं म्हणणाऱ्याने हे आकडे दडवू नयेत.

मग बंदी असावी का? हातात धरण्यावर, निःसंशय असावी, आणि आहे त्याहून घट्ट शब्दांत. हात हाच सगळ्यात मोठा धोका आहे म्हणून नव्हे. चौकातल्या हवालदाराला आणि कॅमेऱ्याला दिसतो तो हातच. लक्ष कुठे होतं हे पंचनाम्यात लिहिता येत नाही. जे सिद्ध करता येतं त्यावर नियम उभा करायचा आणि त्याची व्याख्या अशी करायची की पळवाट राहू नये.

व्याख्या ढिली ठेवली की काय होतं ते ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे हातातल्या फोनवर डिसेंबर २००३ पासून बंदी होती, पण कायद्याचे शब्द संपर्क साधण्याभोवती होते. एका चालकाने चालत्या गाडीतून रस्त्यावरच्या अपघाताचं चित्रण केलं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं की चित्रण म्हणजे संपर्क नव्हे, तेव्हा या कलमाखाली गुन्हा नाही. मग २५ मार्च २०२२ पासून नियम बदलला: फोन हातात घेऊन काहीही केलं, फोटो काढला, गाणं बदललं, नुसता स्क्रीन उजळवला, तरी गुन्हा. सिग्नलला गाडी उभी असली तरी. दंड २०० पौंड आणि लायसन्सवर ६ दंडगुण. लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर ६ गुणांतच ते जातं. गाडी उभी करून, दुकानाच्या खिडकीशी फोनने पैसे देणं मात्र वगळलं आहे.

आपल्याकडेही अशी फट दिसून गेली आहे. २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की, चालवताना फोनवर बोलणं एवढ्यावरून राज्याच्या पोलीस कायद्यातलं सार्वजनिक सुरक्षेला धोका पोहोचवण्याचं कलम लागत नाही. तशी स्पष्ट तरतूद विधिमंडळाने करावी. कलम १८४ च्या दुरुस्तीने ती उणीव भरली खरी, पण 'हातात' हा शब्द नव्या फटी ठेवतो. रोज दिसणारं उदाहरण घ्या: हेल्मेट आणि गाल यांच्या मध्ये खोचलेला फोन. दोन्ही हात हँडलवर आहेत, मग हा हातातला फोन का? शब्दाला चिकटून वाद घालता येतो. धोक्याच्या दृष्टीने मात्र हा प्रकार हातात धरण्याहून वाईट. पॅडिंग सरकून हेल्मेट एका बाजूला सैल बसतं, फोन घसरायला लागला की मान तिरकी होते, आणि पडलात तर गालफडाच्या हाडावर काचेचा नि धातूचा तुकडा आधीच टेकवून ठेवलेला असतो. तसंच मांडीवर ठेवलेला फोन, स्पीडोमीटरपुढे टेकवलेला फोन, रिक्षाच्या हँडलला बांधून त्यावर चालू असलेली क्रिकेटची मॅच. नियमाचे शब्द असे हवेत: वाहन रहदारीत असताना, सिग्नलला थांबलेलं धरून, चालकाने फोनला स्पर्श करायचा नाही आणि मार्ग सोडून दुसरं काही पडद्यावर पाहायचं नाही.

हँड्सफ्री बोलण्यावर सगळ्यांना बंदी घालावी, असं माझं मत नाही. काचा वर केलेल्या गाडीत माणूस गाणं म्हणतोय, आईशी बोलतोय की मागच्या सीटवरच्या मुलाला ओरडतोय, हे बाहेरून ओळखता येत नाही. जो नियम राबवता येत नाही तो शेजारच्या राबवता येणाऱ्या नियमाची किंमतही घालवतो. मात्र ज्यांच्या एका चुकीने अनेक जीव जातात त्यांना पूर्ण बंदी हवी, ब्लूटूथसकट: प्रवासी बस, स्कूल व्हॅन, टँकर, अवजड ट्रक, आणि लर्निंग लायसन्सवाले. एसटी महामंडळाने आपल्या चालकांना चालवताना मोबाइल आणि हेडफोनला मनाई केलेलीच आहे. तिथे राबवणं सोपं, कारण मागे ४० साक्षीदार बसलेले असतात. खासगी आरामगाड्यांच्या परवान्यातच ही अट घालून, ड्रायव्हरकडे रोखलेला डॅशकॅम सक्तीचा करता येईल. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये हँड्सफ्रीसह सगळ्याच चालकांना बंदीची शिफारस केली होती. ती तिथेही सर्वसाधारण कायदा झालेली नाही.

आता अंमलबजावणी, जिथे सगळं अडतं. केंद्रीय अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातले ३,३९५ मृत्यू मोबाइलच्या वापरामुळे अशी नोंद आहे, म्हणजे जेमतेम २ टक्के. हा आकडा दाखवून 'मोबाइल हा मोठा प्रश्नच नाही' असं म्हणणारे असतात. पण ही नोंद होते कशी ते पाहा. घटनास्थळी पोहोचलेल्या अंमलदाराला दिसतो तो चुराडा, ब्रेकचे वण आणि बघ्यांची गर्दी. कारणाच्या रकान्यात 'अतिवेग' लिहायला कसला पुरावा लागत नाही. 'मोबाइल' लिहायचं तर कुणी तरी पाहिलेलं असावं लागतं किंवा फोन तपासावा लागतो.

तो तपासायचा तर हे करावं लागतं. टेलिकॉम कंपनीकडून कॉलची नोंद, म्हणजे सीडीआर, मागवायची. ती कंपन्यांना किमान २ वर्षं जपावी लागते. तीत साध्या कॉलची सुरुवात, कालावधी आणि टॉवर मिळतो. व्हॉट्सॲपचा कॉल त्यात कॉल म्हणून दिसतच नाही, तिथे फक्त इंटरनेट वापराची नोंद असते. म्हणून फोनच ताब्यात घेऊन न्यायवैद्यक तपासणीत स्क्रीन कधी उघडला, कोणतं ॲप पुढे होतं, हे काढावं लागतं. आणि सगळ्यात अवघड भाग: अपघाताची नेमकी वेळ. दुकानाच्या सीसीटीव्हीचं घड्याळ सर्रास तीन-चार मिनिटं पुढेमागे असतं. त्या फुटेजवर विसंबलात तर अपघातानंतर मदतीसाठी केलेला फोन आधीचा वाटून निर्दोष माणूस अडकतो, किंवा उलट. डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ फुटेज उतरवतानाच मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक पंचनाम्यात लिहायचा, ही दोन मिनिटांची गोष्ट आहे; राहून जाते, आणि कोर्टात नेमकं तिथेच बोट ठेवलं जातं. १०८ किंवा ११२ ला आलेल्या पहिल्या फोनची वेळ हा दुसरा खुंटा.

कॅमेऱ्यांनी काम सोपं झालंय, पण अर्धंच. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा नियमभंग टिपते. नियम १६७अ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून चलान काढता येतं आणि त्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते. अडचण अशी की चलान जातं गाडीच्या नंबरवर, म्हणजे मालकाला. चालवत होता ड्रायव्हर, भाचा किंवा भाड्याने घेतलेला कुणी. दंड मालक भरतो किंवा भरतही नाही. लायसन्स मात्र कुणाचंच निलंबित होत नाही, आणि '३ वर्षांत दुसऱ्यांदा' हे ठरवायला एकाच माणसाच्या नावावर आधीचा गुन्हा सापडत नाही. ज्या दिवशी मालकाला 'त्या वेळी कोण चालवत होतं' हे लायसन्स नंबरासह कळवणं प्रत्यक्षात भाग पडेल आणि न कळवल्यास गुन्हा त्याच्याच लायसन्सवर चढेल, त्या दिवशी १०,००० चा आकडा कागदावरून रस्त्यावर येईल.

होल्डर वापरणाऱ्यांसाठी. कारमध्ये फोन समोरच्या काचेच्या मधोमध चिकटवू नका; डाव्या बाजूने येणारा सायकलवाला नेमका त्यामागे लपतो. एसीच्या जाळीला किंवा डॅशबोर्डच्या कडेला, स्टिअरिंगच्या शक्य तितका जवळ आणि काचेच्या रेषेखाली लावा. पत्ता टाकणं, गाणी निवडणं, फास्टॅगची शिल्लक पाहणं हे गिअर टाकायच्या आधी. आवाजाने मार्ग सांगणं चालू ठेवा, म्हणजे पडद्याकडे पाहायचं काम निम्म्याहून कमी होतं. फोनमधला ड्रायव्हिंग मोड ब्लूटूथ जोडलं की आपोआप सुरू होईल असा बसवा आणि 'गाडी चालवतोय, पोहोचल्यावर करतो' हे उत्तर मराठीत लिहून ठेवा. घरच्यांना एक खूण ठरवून द्या, लागोपाठ दोन कॉल म्हणजेच तातडीचं. बहुतेक फोनमध्ये दुसरा कॉल आत येऊ देण्याची सोय असते. तसा कॉल आला तर द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबू नका, ती जागा फोनवर बोलण्याहून घातक आहे. पुढचा फूड मॉल किंवा टोलनाका गाठा.

आवाजी आज्ञांवरही फार भिस्त नको. अमेरिकेत २०१५ मध्ये जाहीर झालेल्या चाचण्यांत काही यंत्रणांना आज्ञा देऊन झाल्यावर चालकाचं लक्ष पूर्ण जागेवर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. सिग्नलला फोन पाहून हिरवा होताच निघालेला माणूस पुढचा चौक ओलांडतो तो याच अवस्थेत.

दुचाकीवर तर होल्डरसुद्धा मी शक्यतो टाळायला सांगतो. ताशी ५० ला दोन सेकंद खाली पाहिलं की २८ मीटर जातात, आणि आपल्या रस्त्यांवर तेवढ्यात एक खड्डा ठरलेला. (हँडलच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता यंत्रणा बिघडू शकते, हे ॲपलने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय, निदान त्या भीतीने तरी ऐका.) एका कानात आवाजाने मार्ग आणि फोन खिशात, हे त्यातल्या त्यात बरं, दोन्ही कानांत मात्र नको, मागचा हॉर्न ऐकू यायला हवा.

हे सगळं ज्यांना परवडत नाही असा एक मोठा वर्ग आहे: जेवण पोहोचवणारी मुलं आणि ॲपवरचे टॅक्सीचालक. त्यांच्या पडद्यावर ऑर्डर उमटते ती उलट्या मोजणीसह. तेवढ्या सेकंदांत बोट लावलं नाही तर काम दुसऱ्याला जातं. त्यांना दंड करून हा प्रकार थांबणार नाही, कारण १,००० रुपयांची भीती कधी तरीची असते आणि हुकलेली ऑर्डर रोजची. फोनमधल्या जीपीएसला गाडीचा वेग कळत असतो. तेव्हा ॲप चालवणाऱ्या कंपन्यांच्या परवान्याच्या अटीतच लिहावं की, वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर असताना नवीन ऑर्डरचा पडदा उघडणार नाही आणि उलटी मोजणी गाडी थांबल्यावरच सुरू होईल.